आम्हाला शिकायचं आहे, वाट मोकळी करून द्या : एका आरोग्यदूत शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला तालुक्याच्या ग्रुपवर एक पत्र आलं. शाळांमधल्या आरोग्यदूत शिक्षकांसाठीचं, म्हणजे मुलांच्या आरोग्याकडे लक्ष द्यायला शाळेने नेमलेल्या शिक्षकांसाठीचं, ऐच्छिक प्रशिक्षण 'अल्प प्रतिसादामुळे' बंद करण्यात येत आहे. त्याऐवजी सर्वांनी ऑनलाइन कोर्स पूर्ण करून प्रमाणपत्र पाठवावं. मुदतीत न पाठवणाऱ्यांकडून खुलासा मागवला जाईल. पत्राखाली पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. माझा अंगठा त्यात नाही. त्या जागी हे पत्र लिहिते आहे.

आधी योग्य मार्गाने दोन अर्ज केले होते. दोन्हींच्या पोचा माझ्याकडे आहेत, उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. ज्यांची मुलं आमच्या शाळांत बसतात त्या आईबापांनाही हे वाचता यावं अशी माझी इच्छा आहे.

'शिक्षकांना रस नाही' हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला मान्य नाही. रस होता आणि अजूनही आहे. मी स्वतः त्या वर्गाला बसलेली आहे, म्हणून हे ठामपणे सांगू शकते.

मी १९ वर्षं शिकवते आहे. त्यातली ११ याच डोंगराळ तालुक्यात गेली. शाळा पहिली ते आठवी. आरोग्यदूत म्हणून नाव कुणाचं टाकायचं असं मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी स्वतःहून हात वर केला. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, आणि ती मला सुखाने झोपू देत नाही.

२०१६चा पावसाळा होता. सातवीवर माझा गणिताचा तास चालू होता. खिडकीजवळचा एक मुलगा बसल्या पट्टीवर आडवा झाला. डोळे फिरलेले, हातापायांना झटके, तोंडाला फेस. वर्ग किंचाळत बाहेर पळाला. शेजारच्या वर्गावरचे सर धावत आले आणि पायातली चप्पल काढून त्यांनी त्याच्या नाकाशी धरली. खिचडी शिजवणाऱ्या ताईंनी कांदा फोडून आणला. आणि मी, बी.एस्सी. बी.एड. झालेली विज्ञानाची शिक्षिका, त्याची जीभ चावली जाईल म्हणून त्याच्या दातांत पळीचा दांडा घालायला गेले. पुढचा दात अर्धा तुटला. फिट थांबली ती आपल्या वेळेला. चपलेने थांबली नाही, कांद्यानेही नाही. दात मात्र माझ्या हाताने तुटला.

चार दिवसांनी तो शाळेत आला. मुलं त्याच्या शेजारी बसेनात. मीही त्याला भिंतीकडेला वेगळं बसवलं. त्याच्या काळजीपोटी बसवलं असं तेव्हा वाटत होतं. दिवाळीनंतर तो आला नाही. घरी गेले तर आई म्हणाली, भगताकडे चालू आहे, बघू. मिरगीवर रोज गोळी घेतली तर दहातल्या सुमारे सात जणांच्या फिट पूर्ण आटोक्यात राहू शकतात, हे त्या माऊलीला सांगायला मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

मग २०२३मध्ये तालुक्याच्या गावी, ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षण सुरू झालं. तिथल्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी पुढाकार घेतला होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही डबा खाऊन पोचायचो. साडेबारा ते साडेतीन, असे सहा शनिवार. सक्ती नव्हती, हजेरीचा अहवाल नव्हता. पहिल्या दिवशी ३१ जण आले आणि शेवटच्या शनिवारी २७ होते. फिटच्या दिवशी मॅडमनी एका सरांना सतरंजीवर झोपवलं आणि आम्हा प्रत्येकाला त्यांना कुशीवर वळवायला लावलं. वरचा गुडघा वाकवायचा, हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे, म्हणजे लाळ बाहेर येते. डोक्याखाली घडी केलेली ओढणी किंवा दप्तर. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ला फोन. पहिल्या दोन वेळा मला सर वळवता आले नाहीत. तिसऱ्यांदा हात बरोबर पडला.

पुढच्या जानेवारीत परिपाठाला आठवीतली एक मुलगी रांगेत कोसळली. मी तिला कुशीवर घेतलं, गळ्याशी बसलेली ओढणी सैल केली, बाकीच्या मुलांना पाठमोरं उभं केलं आणि प्रार्थना चालू ठेवायला सांगितली. घड्याळात दोन मिनिटं वीस सेकंद झाले. दुपारी मी आणि तिची आई तिला घेऊन रुग्णालयात गेलो. गोळ्या चालू झाल्या. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला अर्धा तास फिट म्हणजे काय ते सांगितलं आणि तिला तिच्या नेहमीच्याच जागी, मैत्रिणीशेजारी बसवलं. आज ती दहावीला आहे.

एवढा फरक सहा शनिवारांनी पडला.

आता तुम्ही विचाराल, हे काम डॉक्टरांचं, शिक्षकांनी यात कशाला पडायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. मुलांना तपासणारं त्याचं डॉक्टरांचं पथक आमच्याकडे येतं आणि मनापासून तपासतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या हृदयातलं छिद्र त्यांनीच शोधलं आणि शस्त्रक्रियाही फुकट झाली. पण पथक शाळेला भेट देतं वर्षातून एकदा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचे वर्ग किमान २२० दिवस भरतात, आणि त्या २२० दिवसांत पोराच्या समोर आम्ही असतो. कोण फळ्याकडे डोळे बारीक करून बघतो, कोणाच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक आहेत, कोणाच्या गालात पुडी असते, कोण दर महिन्याला चार दिवस गैरहजर असते, कोण अचानक बोलायची थांबली, हे आम्हाला दिसतं. दिसतं, पण कळत नाही. शेजारच्याच्या वहीत बघून लिहितो म्हणून एका मुलाला मी वर्षभर रागावत होते. त्याला फळाच दिसत नव्हता. आता व्हरांड्यात सहा मीटरवर खडूने दोन रेघा मारल्या आहेत. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एका रेघेवर उभं करून दुसऱ्या टोकाचा तक्ता वाचायला लावते. एका मुलाला दोन मिनिटं लागतात.

लोहाच्या निळ्या गोळीचं तर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. म्हणजे गोळीची गरज वादातीत आहे. जवळच्या एका शाळेत शनिवारी सकाळी, उपाशीपोटी गोळ्या दिल्या गेल्या. आधी दोघींना मळमळलं, मग त्यांना बघून रांगेतल्या आणखी मुलींना. जीप करून सगळ्यांना दवाखान्यात नेलं, गावात बोभाटा झाला, आणि त्या शाळेत पुढे वर्षभर एकाही पालकाने गोळी घेऊ दिली नाही. तिथल्या बाईंची यात काय चूक? गोळ्यांचं खोकं आलं, सोबत नोंदवही आली. गोळी जेवणानंतर द्यायची, थोडं मळमळू शकतं, शौचाला काळं होतं पण त्याने घाबरायचं नाही, हे आधी मुलींना आणि त्यांच्या आयांना सांगून ठेवायचं, हे समोर बसून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी खिचडीनंतर देते, मुलींच्या देखत आधी स्वतः घेते आणि मग वाटते.

तर हे असं प्रशिक्षण होतं. आणि यंदा त्याला शिक्षक का आले नाहीत, ते आता सांगते.

पहिलं म्हणजे तुम्ही ते तालुक्यातून उचलून जिल्ह्याच्या गावी नेलं आणि शनिवारचा बुधवार केला. आमच्या शाळेपासून जिल्ह्याचं गाव ६४ किलोमीटर आहे. पहिली एसटी पावणेसातला, ती सव्वानऊला पोचवते. परतीची शेवटची गाडी साडेचारला सुटते आणि प्रशिक्षण संपायची वेळ होती पाच. मग परतायचं कसं? ज्यांच्याकडे दुचाकी होती ते घाटातून अंधारात परतले. आम्हा बायकांपैकी ज्यांचं कुणी नातेवाईक तिथं होतं त्या मुक्कामाला राहिल्या. माझी एक सहकारी सात महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. दिवसभर तिने त्याला जिन्यात बसून पाजलं, कारण बसायला दुसरी खोली नव्हती. ती दुसऱ्या सत्राला आली नाही. तिचं नाव तुमच्या अहवालात 'गैरहजर' या रकान्यात आहे.

सूचना दोन्ही वेळा आदल्या दिवशी संध्याकाळनंतर आली. वर्गाची सोय करायची, मुख्याध्यापकांना सांगायचं, घरचं बघायचं, हे सगळं एका रात्रीत.

त्यात दोन शिक्षकी शाळांचं काय करायचं? एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या अंगावर सगळे वर्ग येतात आणि त्याच दिवशी कुणी भेटीला आलं तर 'अध्यापन होत नाही' असा शेरा मिळतो. आमच्या तालुक्यातल्या वाड्यांवर अशा शाळा कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी बुधवार म्हणजे 'येऊ नका' असंच सांगणं झालं.

रजेचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जाते तेव्हा मी कर्तव्यावर असते आणि तसं लेखी असतं. निवडणूक आणि जनगणनेचं काम कायद्यानेच आमच्याकडे आलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच शाळेतून, त्याच एसटीने मुलांच्या आरोग्याचं शिकायला गेले तर माझी किरकोळ रजा मांडली गेली. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, 'प्रशिक्षण ऐच्छिक आहे ना?' प्रवासखर्चालाही तेच उत्तर. महिला म्हणून मला अर्धं तिकीट पडतं, सरांना पूर्ण. पैसे फार मोठे नाहीत. पण ऐच्छिक याचा अर्थ 'यायचं की नाही ते तुम्ही ठरवा' असा आहे. 'आलात तर रजाही तुमची आणि भाडंही तुमचं' असा अर्थ कुठल्या शासन निर्णयात आहे, ते कृपया दाखवावं.

आणि एवढं करून पोचल्यावर तिथं काय होतं? पडद्यावर स्लाइडा. ज्या शालेय आरोग्य कार्यक्रमातून आम्ही आरोग्यदूत झालो, तो फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतून आला तेव्हा त्यात ११ विषय ठरवले गेले. वाढीचं वय, मनाचं आरोग्य, आहार आणि स्वच्छता, व्यसन, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा वापर वगैरे. दर आठवड्याला एक तास घेऊन वर्षभर पुरवायचे हे विषय तुम्ही आमच्यासमोर एका दिवसात वाचून दाखवलेत. मासिक पाळीवरच्या स्लाइडवर तर वक्त्यांनी 'हे तुम्हाला माहीतच आहे' म्हणून पुढचं बटण दाबलं. आम्हाला माहीत आहे, पण वर्गात चाळीस मुलं-मुली एकत्र बसलेली असताना ते कसं बोलायचं ते माहीत नाही. मागच्या वर्षी एका शिक्षकांनी हा विषय घेतला, गावातले चौघे-पाच जण शाळेत येऊन त्यांना वाट्टेल ते बोलून गेले, आणि वरून कुणीही त्यांच्या बाजूने एक ओळ लिहिली नाही. त्यांनी पुन्हा तो धडा उघडलेला नाही. अशा वेळी पालकसभेत काय बोलावं, हे शिकवणारं सत्र आम्हाला हवं होतं. एखाद्या मुलीने आपल्यावरचा अत्याचार सांगितला तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे. पण त्या मुलीशी पहिली पाच मिनिटं कसं बोलायचं, काय विचारायचं नाही, यावर एक शब्दही तिथं झाला नाही.

शिकलेल्या माणसाची नोंदही कुठे राहत नाही. २०२३च्या आमच्या २७ जणांपैकी आठ जणांच्या बदल्या झाल्या. त्यांच्या जुन्या शाळांत आता कुणीच शिकलेलं नाही, आणि नव्या शाळांना आपल्याकडे शिकलेलं माणूस आलं आहे हेच ठाऊक नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास आपल्या आवडीने शिकायची संधी मिळावी. आम्ही आवडीने १८ तास शिकलो. ते ना सेवापुस्तकात आहेत, ना त्या ५० तासांत धरले गेले.

आता त्या ऑनलाइन कोर्सविषयी. ऑनलाइनला माझा विरोध नाही. कोविडच्या काळात आम्ही मोबाइलवरच शिकलो आणि शिकवलं. पण कुशीवर वळवणं मोबाइलवर येत नाही. आणि सक्तीचं काय होतं, ते आपण दोघंही जाणतो. व्हिडिओ चालू करून मोबाइल खिडकीत ठेवला जातो, जिथं रेंज आहे तिथं. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर फिरतात. सर्वांची प्रमाणपत्रं मुदतीत पोचतील, तुमचा अहवाल शंभर टक्के भरेल, आणि पुढच्या फिटला पुन्हा कुणीतरी चप्पल काढेल. हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही. दिवसाला सात-आठ लिंका भरणारा माणूस नववीही तशीच भरतो.

शिकायची ओढ लावावी कशी, याचं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. माबेल आरोळे यांनी जामखेडला गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. गावोगावच्या, कितीतरी निरक्षर अशा बायका तिथं येऊन शिकायच्या, गावात जाऊन करायच्या, अडलं की पुन्हा येऊन विचारायच्या. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्याकडे गावातल्याच बायका नवजात बाळाला जगवायला शिकल्या. त्यांनाही आरोग्यदूतच म्हणतात. आमच्या पदाला हा शब्द मिळाला आहे तेव्हा त्यामागची शिकवायची रीतही मिळावी, असं मला मनापासून वाटतं. त्या बायका शिकल्या कारण शिकवणारा त्यांच्या गावाजवळ होता, परत विचारता येत होतं, आणि त्यांनी केलेल्या कामाला मान होता.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. नवी योजना नको, नवीन निधीही फारसा नको.

मंगळवारचं पत्र मागे घ्या. प्रशिक्षण ऐच्छिकच ठेवा आणि ते पुन्हा ग्रामीण रुग्णालयात, शनिवारी दुपारी भरवा. वर्षभराच्या तारखा जूनमध्येच जाहीर करा. शेवटची एसटी बघून वेळ ठरवा.

जो येईल तो त्या वेळेपुरता कर्तव्यावर आहे असं एका ओळीचं पत्र काढा आणि तिकिटाचे पैसे द्या. दोन शिक्षकी शाळांसाठी केंद्रप्रमुखांनी त्या दिवशीची पर्यायी सोय लावून द्यावी. रुग्णालयात एक खोली लहान बाळांच्या आयांसाठी उघडी ठेवावी, तिथं एक सतरंजी आणि पंखा असला की पुरे.

एका शनिवारी एकच विषय घ्या आणि तो हाताने करून घ्या. फिट, सर्पदंश, रक्त थांबवणं, डोळे तपासणं, लोहाची गोळी, व्यसन, मुलांचं मन. शिकवायला आमच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, सिस्टर आणि समुपदेशक असू द्या, म्हणजे नंतर अडलं की त्यांना फोन करता येईल. शक्य असेल तर आधी शिकलेल्या शिक्षकालाही त्यांच्या जोडीला उभं करा. शिक्षकाचं शिक्षकाला लवकर पटतं.

पाळी, प्रजनन आरोग्य आणि लैंगिक अत्याचार हे विषय घेणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी दोन्ही विभाग आहेत, असं तुमच्या दोघांच्या सहीचं पत्र प्रत्येक शाळेत आणि ग्रामपंचायतीत लावा. गावातून विरोध झाला तर पालकसभेला तुमच्यापैकी कुणीतरी हजर राहा.

शिकलेल्या तासांची सेवापुस्तकात नोंद करा, ते ५० तासांत धरा, आणि बदली झाली की ती नोंद शिक्षकासोबत नव्या शाळेत जाऊ द्या.

आणि खुलासा मागवायचं वाक्य तेवढं कृपया कायमचं काढून टाका.

गेल्या शनिवारी आमच्या केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद होती. चहाच्या वेळी मी एक कोरा कागद फिरवला. वर लिहिलं होतं, 'शनिवारी दुपारी, ग्रामीण रुग्णालयात, हाताने करून शिकवणार असतील तर मी येईन.' १४ शाळांतल्या २२ जणांनी त्यावर सह्या केल्या. त्यात त्या बाळाच्या आईची सही आहे, ज्या शाळेत गोळ्या बंद पडल्या तिथल्या बाईंची आहे, आणि २०१६मध्ये चप्पल काढणाऱ्या सरांचीही आहे. ते पुढच्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. मी म्हटलं, सर, तुम्ही कशाला? ते म्हणाले, गावात तर राहणारच आहे ना मी.

तो कागद, माझ्या दोन अर्जांच्या पोचा आणि माझं नाव-शाळा तुमच्या कार्यालयात दिलेल्या प्रतीला जोडली आहेत. रुग्णालयातल्या मॅडमना मी विचारलं आहे. येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपासून त्यांची तयारी आहे आणि वरचं सभागृह रिकामं आहे. त्यांना फक्त तुमच्या परवानगीचं पत्र हवं आहे.

आपली,
एक पदवीधर शिक्षिका आणि आरोग्यदूत
जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा